‘भाजी आवडत नाही’ म्हणजे नेमकं काय आवडत नाही?

पत्र : मी कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, वय ३४. लहानपणापासून भाजी खात नाही. बटाटा, पिठलं, अख्खा मसूर, अंडी आणि रविवारचं मटण यावर माझं भागतं. मेथी कडू लागते, कोबीच्या वासानं मळमळतं, भेंडी आणि वांगं तोंडात बुळबुळीत लागतं, दोडका-दुधी पाणचट. बायको रोज डब्यात भाजी देते आणि बरेचदा मी ती तशीच परत आणतो. आता पोट नीट साफ होत नाही, मागच्या महिन्यात तपासणीत साखर काठावर आली, आणि डॉक्टरांनी ‘भाज्या वाढवा’ एवढंच सांगितलं. त्यात चार वर्षांची मुलगी माझं बघून ताटातली मेथी बाजूला सारायला लागलीय. रोज सॅलड खात बसणं मला जमणार नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य चौथं आहे. मेथी कडू, कोबीला वास, भेंडी-वांगं बुळबुळीत, दोडका-दुधी पाणचट. ‘भाजी आवडत नाही’ या एका वाक्यात तुम्ही चार निरनिराळ्या तक्रारी भरल्या आहेत. कडूपणा, वास, बुळबुळीतपणा आणि पाणचटपणा या चारही गोष्टी भाजी कशी निवडली, कापली आणि किती वेळ शिजवली यावर बऱ्याच अंशी ठरतात. म्हणून नाक दाबून खायचा सल्ला आम्ही देणार नाही. तसं खाल्लेलं चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी डबा परत येतो.

आधी हिशेब. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही जवळपास अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं असं म्हटलंय. तुमच्या पोटात सध्या रस्श्यातला कांदा, टोमॅटो आणि वरची कोथिंबीर एवढंच जात असेल. तिथून एकदम ४०० वर उडी मारू नका. शिजलेल्या भाजीची एक वाटी म्हणजे साधारण १०० ग्रॅम. पहिले दोन आठवडे दिवसाला एक वाटी, पुढचे दोन आठवडे दीड, आणि दोन महिन्यांत दोन ते अडीच वाट्या, शिवाय एक पेरू किंवा तसंच एखादं फळ, एवढं ठेवा. घाई केली तर पोट फुगतं, वात धरतो, आणि माणूस म्हणतो की बघा, मला भाजी सोसतच नाही. चोथा (फायबर) वाढला की पाणीही वाढवावं लागतं, नाहीतर पोट साफ व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होतं. कारखान्यात उकाड्यात उभं राहणाऱ्या माणसानं हे विशेष लक्षात ठेवावं.

मसूर आणि बेसन अजिबात सोडू नका. ती भाजी नसली तरी त्यांतून प्रथिनं आणि चोथा दोन्ही मिळतात, आणि तुमच्यासाठी भाजीपर्यंत जायची वाट तिथूनच आहे. त्याकडे पुढे येतोच.

कडूपणापासून सुरुवात करू, कारण यात तुमचा हट्ट किती आणि जीभ किती हे कळलं पाहिजे. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून एका रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली आणि खुद्द फॉक्सना काहीच लागली नाही. पुढं कळलं की ही कडू चव लागणं-न लागणं आनुवंशिक असतं, आणि त्यामागचं मुख्य जनुकही सापडलं. त्याच घडणीचे पदार्थ कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीच्या पानात असतात. म्हणजे एकाच ताटातली एकच कोबी तुमच्या बायकोला गोडसर आणि तुम्हाला कडवट लागू शकते, आणि दोघंही खरंच बोलत असता. मेथीचा कडूपणा वेगळ्या पदार्थांचा, पण जीभ कडूला हळवी असेल तर तोही जास्त टोचतो.

यावर तीन उतारे आहेत आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहेत. मीठ कडू चव दाबतं. तेल आणि दाण्याचं कूट जिभेवर थर धरतं, त्यामुळं कडू थेट लागत नाही. आणि गूळ किंवा कांद्याचा गोडवा तिला झाकतो. मेथी अशी करून बघा. एक कोवळी, लहान पानांची जुडी घ्या. पानं आणि फक्त कोवळे शेंडे खुडा, दांडे टाका. धुऊन, निथळून बारीक चिरा, त्यावर अर्धा छोटा चमचा मीठ चोळून १० मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. कढईत पोह्याच्या चमच्यानं दीड-दोन चमचे तेल, ८-१० लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की लगेच एक मध्यम कांदा टाका, तो मऊ होऊ द्या, मग अर्धा तास भिजवलेली पाव वाटी मूगडाळ. डाळ दोन-तीन मिनिटं परतून पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून दाबली तर मोडेल इतकी शिजवा, आणि मगच झाकण काढून मेथी घाला. मोठ्या आचेवर ४-५ मिनिटं उघड्यावर परता, शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट. मीठ वर घालू नका, पिळल्यावरही पानांत पुरेसं राहिलेलं असतं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. लसूण करपला की त्याचा स्वतःचा कडूपणा मेथीच्या कडूपणात मिसळतो आणि दोष मेथीवर जातो. आणि मेथी टाकल्यावर झाकण ठेवलं की पानांना पाणी सुटतं, भाजी काळपट आणि ओलसर होते. पिळण्यानं थोडी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात हे खरं, पण जी मेथी खाल्लीच जात नाही तिच्यातली सगळीच जातात. चार-पाच वेळा अशी खाल्ली की पिळणं कमी करा, पुढं बंद करा. जुडी मोठी दिसली तरी शिजल्यावर वाटीभरच होते, तेव्हा एक जुडी दोघांना जास्त होईल अशी भीती नको.

इथंच एक इशारा, आणि हा आवडीनिवडीचा नाही. दुधी, दोडका, घोसाळं, काकडी कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायची घरातल्या बायकांची पद्धत असते, ती कधी मोडू नका. कारली सोडून या जातीतलं काहीही कडू निघालं तर सरळ फेकून द्या. त्यातला कुकुर्बिटासिन नावाचा विषारी पदार्थ शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊन माणसं दगावल्याचे प्रकार आपल्या देशात नोंदलेले आहेत. ‘औषधी असतं, घे पिऊन’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साखर काठावर आली की असे सल्ले देणारे भेटतातच.

कोबीच्या वासाची गोष्ट सोपी आहे. कोबी-फ्लॉवरमध्ये गंधकाचे पदार्थ असतात. भाजी पाच-सात मिनिटांच्या पुढं पाण्यात किंवा वाफेत शिजत राहिली की त्यातून सडक्या अंड्यासारखा वास सुटायला लागतो आणि मिनिटागणिक वाढतो. मोठ्या फोडी, वर पाणी, वर झाकण आणि वीस मिनिटं मंद आच, म्हणजे तो वास मुद्दाम तयार करण्याची कृतीच झाली. कुकरला लावलेली कोबी तर खाऊच नका. उलट असं करा : पाव किलो कोबी सुरीनं दोरीसारखी बारीक चिरा, कढई चांगली तापवा, चमचाभर तेलात मोहरी, कढीपत्ता, मिरची, हळद, आणि कोबी टाकून मोठ्या आचेवर चार मिनिटं. झाकण नाही, पाणी नाही. दाताखाली अजून कुरकुरतेय तोवर खाली उतरवा, मग मीठ आणि लिंबू. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि परतायच्या जागी भाजी उकडते.

ही कोबी घरी ताटात खायची, डब्यात न्यायची नाही. सकाळी सहाला गरम भरून झाकण लावलेला डबा अकराला उघडला की आत कोंडलेला वास एकदम नाकात येतो. तुमची मळमळ बहुतेक या डब्याचीच आहे. कच्च्या कोबीला हा वास येत नाही, म्हणून कोबीची पचडी आधी करून बघायला हरकत नाही : बारीक कोबी, लिंबू, कूट, किंचित साखर, वरून हिंग-मोहरीची फोडणी.

फ्लॉवरचे तुरे सुपारीएवढे करा, कोमट मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून अळ्या काढा आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करा. बिडाच्या तव्यावर चमचा-दीड चमचा तेल घालून एका थरात पसरा आणि तीन मिनिटं हात लावू नका. तांबूस डाग पडले की उलटा. त्या डागांमध्येच गोडसर, भाजक्या शेंगदाण्यासारखी चव असते. तुरे एकावर एक रचले तर ते एकमेकांच्या वाफेत उकडतात आणि पुन्हा तोच वास. वरून घरची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, अर्धा चमचा. मसाला आधी टाकला तर तव्यावर करपतो.

आता भेंडी. तिचा चिकटपणा पाण्यात विरघळणाऱ्या चिकापासून येतो. कापलेल्या भेंडीला जितकं पाणी लागेल तितका तो तारा धरतो. म्हणून भेंडी आधी धुवा, एकेक पुसा, शक्य तर रात्रीच धुऊन फडक्यावर पसरून ठेवा, आणि सुरीसुद्धा कोरडी असू द्या. पाव किलो भेंडीच्या बोटाच्या पेराच्या निम्म्या लांबीच्या चकत्या करा. पसरट तवा घ्या, खोल कढईत वाफ कोंडते. दोन चमचे तेल, मध्यमच्या वर आच, १०-१२ मिनिटं, झाकण न ठेवता, दर दोन मिनिटांनी उलथन्यानं अलगद उलटत. सारखं ढवळलं की चकत्या मोडतात आणि चीक बाहेर येतो. तारा सुटेनाशा झाल्या की दोन आमसुलांचे तुकडे किंवा लिंबू, कारण आंबट पडलं की उरलेला चीकही मोडतो. मीठ अगदी शेवटी. लोखंडी तव्यावर आंबट घातलं तर भेंडी काळी पडते, तेव्हा आमसूल घालायचं असेल तर स्टीलचा किंवा कोटिंगचा तवा वापरा.

वांग्याबद्दल आम्ही थोडे आग्रही आहोत. कृष्णाकाठी राहून वांगं न खाणं हे नुकसानच आहे. पण तुम्हाला ते भरलेलं किंवा रस्श्यातलं लगेच आवडणार नाही, कारण तिथं त्याचा गर मऊ आणि साल घसरडी होते. काप करा. मोठ्या वांग्याच्या बोटाच्या जाडीपेक्षा थोड्या पातळ चकत्या, दोन्ही बाजूंना मीठ, १५ मिनिटं. पाणी सुटेल ते पुसून काढा. वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, मीठ लावल्यानं त्यातल्या पोकळ्या बसतात आणि तेल कमी ओढलं जातं. मग तांदळाचं पीठ आणि चटणी एकत्र करून त्यात घोळवा, तव्यावर थोड्या तेलात प्रत्येक बाजू ४ मिनिटं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. तव्यावरून थेट ताटात. झाकून ठेवले की १० मिनिटांत सादळतात. हे पचलं की भरीत, तेही निखाऱ्यावर किंवा गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजलेलं. भाजल्याच्या खमंग वासामुळं बुळबुळीतपणाकडं लक्ष जात नाही. भरली वांगी त्यानंतर कधीतरी, थंडीत.

दोडका-दुधी पाणचट लागतात कारण ते जवळजवळ पाणीच असतात आणि आपण वर आणखी पाणी घालतो. त्यांची भाजी सध्या बाजूला ठेवा. दुधी किसून थालीपीठात घाला : एक वाटी भाजणीला एक वाटी किस. किस पिळा आणि ते पाणी टाकू नका, त्यातच पीठ मळा. कांदा, तीळ, ओवा, चटणी. मीठ घातल्यावर किस पुन्हा पाणी सोडतो आणि मळलेला गोळा दहा मिनिटांत सैल पडतो, म्हणून दोन-दोन थालीपीठांपुरतंच पीठ मळत जा. मात्र हिशेबात फसू नका, दोन थालीपिठांत भाजी अर्धी-पाऊण वाटीच जाते. शिवाय पिठात लपलेली भाजी जिभेला ओळखीची होत नाही. लपवून खाणं पहिल्या महिन्यापुरतं ठीक, तेवढ्यावर थांबलात तर पन्नाशीतही दोडका समोर आला की तोंड फिरवाल. दोडका घेतलाच तर त्याच्या शिरांची तीळ-सुकं खोबरं घालून कोरडी चटणी करा. ती भाकरीबरोबर तुम्हाला नक्की चालेल.

आता तुमच्या आवडीचं. पिठलं आवडतं ना? मग पीठ पेरलेली भाजी हा तुमचा सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे, कारण तोंडात पहिली चव बेसनाची येते. ढब्बू मिरचीपासून सुरू करा. पाव किलो ढब्बू, बिया आणि आतला पांढरा भाग काढून अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे. चार चमचे बेसन आधी कोरडंच मंद आचेवर ३-४ मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजून काढा. कच्चं बेसन पेरलं की गुठळ्या होतात आणि घशाला चिकटतं. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, ढब्बू चार मिनिटं परता, मीठ, चटणी, चिमूटभर गूळ. आता बेसन भुरभुरत हलवत जा, पाण्याचा एक हबका मारा, तीन मिनिटं झाकण, मग दोन मिनिटं उघडं. बेसन भाजीच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. हात सैल सुटला की झुणका होतो आणि तुम्ही पुन्हा बेसनच खाता. याच मापात मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, कोबी, गवारी (आधी वाफवून) सगळं बसतं. डब्यातही ही भाजी पाच-सहा तास कोरडी राहते.

अख्खा मसूर. कराड-सांगलीकडच्या ढाब्यावर मिळतो तसा दाटसर आवडत असेल तर एक वाटी मसुराला १५० ग्रॅम तांबड्या भोपळ्याचा किस कांद्याबरोबर परतून घाला. भोपळा रस्श्यात विरघळून जातो आणि रस्सा घट्ट करतो. चव किंचित गोडावते, ती अर्धा चमचा चटणी वाढवून सावरा. टोमॅटो मात्र मसूर मऊ झाल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की कडधान्य लवकर शिजत नाही. दुसऱ्या खेपेला भोपळ्याऐवजी मूठ-दोन मूठ चिरलेला पालक, शेवटच्या तीन मिनिटांत. दोन्ही एकदम नको, रंग बिघडतो आणि मग नावडीला कारण मिळतं. दोन अंड्यांच्या भुर्जीत एक कांदा, एक टोमॅटो, अर्धी ढब्बू मिरची सहज जाते.

रविवारच्या मटणाला हात लावू नका. रस्श्यात गाजर-बिजर घालून दोन्हीची चव घालवण्यात अर्थ नाही. शेजारी काकडी, मुळा, गाजर कापून ठेवा. तिखट रस्श्याबरोबर मुळा फार छान लागतो. सॅलड जमणार नाही म्हणता, पण आपल्याकडची कोशिंबीर वेगळी असते : दोन गाजरं किसून, दोन चमचे कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, हिरव्या मिरचीची फोडणी. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीकडची गाजरं मिळतात, ती नुसती धुऊन खाण्यासारखी गोड असतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ ताटात वाढतानाच घालायचं, नाहीतर दह्याचं ताक होतं.

खाण्याचा क्रम बदला. ताटात भाकरी पडायच्या आधी कोशिंबीर किंवा भाजीची अर्धी वाटी संपवा. भूक कडकडून असते तेव्हा जीभ कमी चोखंदळ असते, हे एक. दुसरं, भाजी आणि डाळ आधी नि भाकरी-भात नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. काठावरच्या साखरेला या क्रमाचा उपयोग होतो.

नवी चव पहिल्या घासात आवडत नाही. नावडता पदार्थ ओळखीचा व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा तोंडात जावा लागतो. म्हणून एका वेळी एकच नवी भाजी धरा, आणि ती ओळखीची होईपर्यंत एकाच कृतीनं दर दोन दिवसांनी दोन-दोन घास. रोज वेगळी भाजी, रोज नवी कृती असं केलं तर प्रत्येक वेळ पहिलीच ठरते. क्रम असा ठेवा : ढब्बू, भेंडी, मेथी, कोबी, वांग्याचे काप. शेपू आणि कारल्याला यंदा हात लावायची गरज नाही. दहा-बारा वेळा नीट केलेली एखादी भाजी खाऊनही नाही आवडली तर ती खुशाल सोडा. बाजारात चाकवत, पोकळा, तांदुळजा, अंबाडी, घेवडा, पावटा, नवलकोल इतकं काही असतं की दोन-तीन सोडल्यानं काही अडत नाही.

थोडं तब्येतीचं. शौचावाटे रक्त, कारण नसताना वजन घटणं, किंवा भाज्या-पाणी वाढवूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडं जा. घरात कुणाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी विचारा. मुतखडा होत असेल तर पालक आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर एकूणच भाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

मुलीची काळजी तुम्हाला वाटते ते बरोबर आहे. तिला काही समजावून सांगू नका. ‘आधी भाजी संपव, मग गोड देतो’ असंही म्हणू नका, त्यातून भाजी ही शिक्षा आहे एवढंच ती शिकते. तिच्या ताटात चमचाभर भाजी ठेवा आणि ती खाते की नाही याकडं न बघता आपली खा. तोंड वाकडं करायचं नाही आणि ‘शी’ म्हणायचं नाही, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. तिला भेंडी पुसायला द्या, मेथीची पानं खुडायला बसवा. हाताळलेली भाजी मुलं तोंडात घालून बघतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तुमच्या पत्रात बायको रोज भाजी करते आणि तुम्ही ती परत आणता. वर लिहिलेल्या कृतींत निवडणं, पुसणं, बारीक चिरणं हीच खरी मेहनत आहे, आणि ती त्यांच्या अंगावर टाकू नका. सुट्टीच्या दिवशी बाजार तुम्ही करा, आदल्या रात्री भेंडी तुम्ही धुऊन पसरा, कोबी तुम्ही चिरा. स्वतः परतलेली भाजी कुठं बिघडली हेही तेव्हाच कळेल. डबा परत आणायची वेळ आलीच तर काय आवडलं नाही ते नेमकं सांगा : कडू होती, ओली होती, वास येत होता. ‘नको वाटलं’ यावर कुणालाच काही करता येत नाही.

पहिल्या आठवड्याला पाव किलो ढब्बू, पाव किलो तांबड्या भोपळ्याची फोड, अर्धा किलो गाजर आणि चार लिंबं एवढंच आणा. जास्त आणलं तर फ्रीजमध्ये सुकतं. पुढं भेंडी-मेथी आणाल तेव्हा भेंडी बोटभर लांबीची, एका भेंडीचं टोक मोडून बघा, कट्‌ आवाज करून तुटली पाहिजे, वाकली तर जून. मेथी लहान, गोलसर पानांची, फुलावर आलेली नको. भोपळ्याची फोड गडद केशरी आणि घट्ट, बियांजवळ पाणी सुटलेली नको. ढब्बूची साल ताणलेली, चकचकीत हवी. मेथी त्याच दिवशी करा, ढब्बू-भेंडी तीन दिवसांत संपवा, गाजर-भोपळा आठवडाभर राहतो.